हिलालबुवांचे दात

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावं, इथे कुणी परकं नाही. एका माणसाची गोष्ट सांगते. कीर्तनात बुवा पहिल्याप्रथम सांगून टाकतात, आज कुणाचं आख्यान आहे ते. तसं मीही सांगते. हे हिलालबुवांचं आख्यान. यात देव आहे, पण तो मधे पडत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडे बघत बसणार नाही. दीड वर्ष झालं, मी ही गोष्ट मनातल्या मनात सांगते आहे. पोळ्या लाटताना सांगते, सुरतेत भेस्तानच्या रेल्वे फाटकाशी रिक्षा अडकली की सांगते. मोठ्यानं आजच.

मंगळवारी दुपारी वरच्या मजल्यावरची नूतन आली. नवीनच राहायला आली आहे, मिस्टर बँकेत, बोलणं अगदी स्वच्छ पुण्याकडचं. मी डाळीला फोडणी देत होते, माझा मुलगा योगेंद्र आतल्या खोलीत जेवायला बसला होता, त्याची दुसरी पाळी होती. दारातच ती म्हणाली, "मावशी, योगेंद्रभाऊ घरी दात बनवतात ना? आमच्या सासऱ्यांना कुठल्याच दवाखान्यातलं माप बसत नाही हो. परवा मोबाइलवर त्या बुवांचं काल्याचं कीर्तन आलं. काय सुरेख दिसतात! कुणीतरी सांगितलं, दात तुमच्या घरी झालेत म्हणून. कसे आहेत आता बुवा?" फोडणीतली मोहरी जळाली. मोबाइलमध्ये हिलालबुवा अजून गातात, हे मला ठाऊक होतं. पण ते कुणाच्या घरी जाऊन आपले दात दाखवतात, त्यातून कुणाला आशा लागते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हणाले, "मशीन बंद आहे." ती म्हणाली, "चालू कधी होईल?" मी म्हणाले, "नाही होणार." "कामरेजला एक जण करतो म्हणे घरीच, त्याला विचारू?" आणि मी, गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई, म्हणाले, "विचारा." दार लावलं. आत ताट सरकल्याचा आवाज आला. योगेंद्रनं अर्धी भाकर टाकली होती आणि तो हात धूत होता, खूप वेळ धूत होता.

ते मशीन अजून खिडकीखाली आहे, जुन्या चादरीखाली. आलं तेव्हा गायत्रीनं, माझ्या सुनेनं, त्याला हळदकुंकू लावलं होतं. थ्री-डी प्रिंटर. मला काही केल्या कळेना की छापखान्यात जसा कागद छापतात तशी वस्तू कशी छापायची. योगू म्हणाला, "मम्मी, तू फक्त बघ." खाली ताटलीत मधासारखं घट्ट रेझिन, त्याच्या खालून निळा उजेड, आणि वरून एक लोखंडी पाटी त्या पातळात बुडायची, वर यायची, पुन्हा बुडायची. दोन-तीन तासांनी बघावं तर पाटीला वटवाघळासारखी उलटी लटकलेली एखादी वस्तू. कुठून आली? काही कोरलं नाही, काही ओतलं नाही. मी हात जोडले तर पोरगा हसला. "अरे मम्मी, ही आरतीची जागा नाही!" पण मला ती आरतीचीच जागा वाटायची. गल्लीतले लोक मोडकी वस्तू घेऊन यायचे, मिक्सरचं बटण, शिलाई मशीनची चकती, एम्ब्रॉयडरी मशीनचा कसलासा खुंटा जो बाजारात मिळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी धड वस्तू घेऊन जायचे. फेकून द्यायचं काही उरणार नाही असं वाटायचं. एकदा एक जण शेजारच्या किल्लीचा फोटो घेऊन आला, अशीच एक बनवून दे म्हणाला. योगूच्या आधी मीच त्याला हाकललं. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला माझा. म्हटलं, या घरातून वाईट काही बाहेर जायचं नाही, मी दारात बसले आहे.

मी नुसती दारात बसत नव्हते, कामही करायचे. सुरतेत आमच्यासारख्या बायकांना रिकामे हात ठेवायची सवय नाही. आयुष्यभर घरी बसून साड्यांचे धागे कापले, टिकल्या चिकटवल्या, तसंच हे. मशीनवरून उतरलेली वस्तू आधी धुवायची, मग वाळवायची, मग निळ्या दिव्याखाली ठेवायची, की ती पक्की होते. धुणं माझ्याकडे. धुवायचं कशानं? स्पिरिटनं. दोन बरण्या, पहिलीत दहा मिनिटं, दुसरीत दहा मिनिटं. पहिल्या दिवशी बरणीचं झाकण उघडलं आणि मी मोरीत जाऊन ओकले. योगूला वाटलं नाजूक नाक आहे. नाजूक नाही हो. तो वास मी अकरा वर्षं नवऱ्याच्या तोंडाला हुंगला होता. आमचे हे, लोटू त्यांचं नाव, कापडाच्या लूमवर, मागावर होते. गुजरातेत दारूबंदी आहे असं म्हणतात. आमच्या गल्लीत दारूच्या प्लॅस्टिकच्या पोटल्या दुधाच्या पिशव्यांच्या आधी यायच्या. "ही दारू नाही मम्मी, स्पिरिट आहे. ही पिली तर माणूस मरून जाईल." मी म्हटलं, "ती पिऊन काय अमर होतो?" त्यानं कपाळाला हात लावला. तेव्हापासून नाकाला पदर बांधून मी चकत्या, बटणं, खुंटे स्पिरिटमध्ये बुडवायचे. पण एकदा वीतभर विठोबाच्या मूर्तींचं काम आलं, आणि माझा हात बरणीवर थांबला. देवाला यात घालायचं? योगू बाहेर गेला होता. मी मूर्ती साबणाच्या पाण्यानं धुतल्या, मग तापीचं पाणी शिंपडलं, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या, मग दिव्याखाली. जरा चिकट लागत होत्या, उन्हानं गेलं. कुणी तक्रार केली नाही. मूर्ती तर देव्हाऱ्यात बसायच्या होत्या, त्यांना कोण चाटणार होतं? पण मला एक गोष्ट शिकल्यासारखं वाटलं. पाण्यानंही होतं. श्रद्धेनं केलं की पाण्यानंही होतं.

आता हिलालबुवा. ते माझ्या माहेरगावचे, आमच्या यांच्याबरोबर एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूमवर. छत्तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, म्हणून बोलणं ओरडून आणि गाणंही आभाळाला ऐकू जाईल असं. मी त्यांना राखी बांधायचे. ज्या दिवशी आमचे हे गटाराच्या कडेला पडलेले सापडले, त्या दिवशी त्यांना खांद्यावर घालून आणणारे तेच. त्यांनी उपदेश केला नाही. आठ दिवस रोज संध्याकाळी यायचे, यांच्या हातात टाळ द्यायचे आणि म्हणायचे, "लोट्या, वाजव. हात थरथरस ना, मंग फुकट कशाले थरथराडस, टाळ वाजव." नवव्या दिवशी यांनी माळ घातली. मरेपर्यंतची सहा वर्षं मला नवरा मिळाला. ती सहा वर्षं मला हिलालबुवांनी दिली, देवानं दिली असं म्हणायची मी, पण आणून देणारा हात कुणाचा होता ते मी पाहिलेलं आहे. मी आयुष्यात किती कीर्तनं ऐकली असतील! मोठमोठे महाराज, गाड्यांतून येणारे. पण हिलालबुवा पूर्वरंग संपवून उपरणं सावरत आख्यानाला उभे राहिले की माझ्या पोटात एकदम भाकर गेल्यासारखं व्हायचं.

साठीनंतर त्यांना साखर निघाली आणि दात एकामागून एक गेले. दात गेले तसे शब्द गेले. स म्हटलं की वारा सुटायचा. जागराच्या कीर्तनात पुढे बसलेली कॉलेजातली पोरं मान खाली घालून हसली. बुवांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यानंतर ते गायला उभे राहिले नाहीत. मागे खांबाला टेकून बसायचे, ओठ मिटून. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही म्हणत काहून नाही?" तर हसून म्हणाले, "उषी, देव काय दात मोजस का? मी मनमा म्हनस." पण ते मनातही म्हणत नव्हते. मला कळत होतं. ज्यानं जन्मभर मोठ्यानं म्हटलं त्याला मनात म्हणता येत नाही. शिबिरात त्यांना दातांची कवळी मिळाली होती, ती हिरड्यांवर नाचायची. दवाखान्यात पुढच्या पुढच्या तारखा. आणि चैत्रात आमच्या वसाहतीचा सप्ताह आला. काल्याचं कीर्तन कुणाचं, यावर मंडळाची बैठक बसली तेव्हा मंडळाचे कारभारी वाल्मिकदादा म्हणाले, "यंदा बाहेरून बोलवू, हिलालबुवांना आता नारळ देऊ, सत्कार करू." सत्कार! जिवंत माणसाला हार घालून भिंतीवर टांगायचं. मी घरी आले आणि योगूला म्हटलं, "तू बटणं बनवतोस, दात बनव."

तो नाही म्हणाला. हे मी तुम्हाला नीट सांगितलं पाहिजे, कारण त्याच्यावर पुढे जे आलं त्यात हे कुणी मोजलं नाही. तो म्हणाला, "मम्मी, हे रेझिन तोंडात घालायचं नाही. डब्यावर लिहिलंय. दातांचं वेगळं येतं, ते आपल्या मशीनला बराबर बसत नाही." मी म्हटलं, "सात दिवसांसाठी. कीर्तनापुरते. खाताना काढून ठेवतील." तीन दिवस त्याच्यामागे लागले. रडले. शेवटी बापाचं नाव काढलं. बापाचं नाव काढल्यावर तो गप्प होतो हे मला ठाऊक होतं. त्यानं बुवांच्या हिरड्यांचा ठसा घेतला, बुवा आ करून बसले होते आणि मधूनच हसत होते, "पोऱ्या, देव पन इतला आत बघस नही रे!" जुन्या कवळीचे फोटो काढून मोबाइलवर काय काय जुळवलं. गायत्री म्हणाली, "असे दात तर मला हवेत." घरात असा आनंद खूप दिवसांनी होता. दोन वेळा बिघडले, तिसऱ्या वेळी पाटीला उलटे लटकलेले दात वर आले. निळ्या उजेडात हसू लटकलं होतं. योगूला कामासाठी बाहेर जायचं होतं. जाताना म्हणाला, "मम्मी, दोन्ही बरण्यांत पुरे दहा-दहा मिनिटं. हे तोंडात जायचंय. एकदा जास्तच धू."

हे तोंडात जायचंय. मी बरणीचं झाकण उघडलं. तो वास आला आणि त्याबरोबर गटाराची कड, यांचा उघडा जबडा, त्यातून आलेली शिवी. आणि हातात हे दात, पांढरे, ज्यांच्यामागून नाम निघायचं. ज्या माणसानं माझ्या घरातून तो वास बाहेर काढला, त्याच्या जिभेजवळ मी तोच वास ठेवू? माळकऱ्याच्या तोंडात? झाकण लावलं. मला क्षणभरही वाटलं नाही की मी काही चूक करते आहे. उलट इतकं शुद्ध मी कधी काही केलं नव्हतं. कोमट पाणी, रिठा, मऊ ब्रश. प्रत्येक दाताच्या फटीतून ब्रश फिरवला. नाम घेत घेत. मग तापीचं पाणी. मग चार दिवस ऊन, रोज दिव्याखाली दोन-दोन तास. चिकटपणा पार गेला. योगूनं बोट फिरवून पाहिलं, म्हणाला, "वा मम्मी, एकदम मस्त." पाण्याचं मी सांगितलं नाही. सांगायचं होतं काय त्यात?

काल्याच्या दिवशीचं ते कीर्तन तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. मी समोर होते. पहिला स निघाला आणि कुठेही वारा सुटला नाही. वाल्मिकदादांनी पखवाजवाल्याकडे पाहिलं. दहीहंडी फुटेपर्यंत दोन तास हिलालबुवा उभे होते, आणि शेवटी शेवटी त्यांचा आवाज असा काही वर गेला की बायका लाह्या झेलायच्या विसरल्या. मला वाटलं, आता मेले तरी चालेल. असं वाटू नये माणसाला. ते वाटणं चुकीच्या माणसाला लागतं. कीर्तन संपल्यावर मी पाया पडले तेव्हा त्यांच्या श्वासाला काहीतरी वास होता, सडलेल्या फुलांसारखा. आणि ओठाच्या कोपऱ्यात रक्त. "भाऊ, दुखतंय का?" "काही दुखस नही माय. तुना पोऱ्यानी माले नवं तोंड दिधं." खोटं बोलले. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, नंतर सांगितलं, की दात घातल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच तोंड आलं होतं, हिरड्या सोललेल्या होत्या, पाणी पितानाही डोळ्यांतून पाणी यायचं. पण दात काढून ठेवायचे नाहीत, काढले तर पुन्हा बसणार नाहीत, म्हणून रात्रंदिवस घालून बसायचे. उषीला कळू देऊ नको म्हणायचे, तिला वाईट वाटेल.

काल्याच्या तिसऱ्या दिवशी जबड्याखाली सूज आली, ती गळ्यापर्यंत उतरली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं ते दात चिमट्यात धरून विचारलं, "ये किसने बनाया?" योगू पुढे झाला. "मैंने." "कौन सा मटीरियल?" त्यानं नाव सांगितलं. डॉक्टर नुसतं मान हलवून कागदावर लिहीत राहिला, आणि त्या लिहिण्याच्या आवाजात माझा मुलगा म्हातारा झाला. शुगर होती, वय होतं, संसर्ग कुठून सुरू झाला हे नेमकं सांगता येत नाही, असं पुढे ते म्हणाले. सांगता येत नाही. म्हणजे मलाही कधीच कळणार नाही, पाणी होतं की रेझिन होतं की साखर होती. शेवटचे चार दिवस बुवांच्या गळ्यात नळी होती. मी शेजारी बसून नाम म्हणत राहिले, ते बघत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. कान गेलेला माणूस, मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं असतं, आणि वॉर्डभर लोक होते. मी मनात सांगितलं. दवाखान्यात नेल्याच्या नवव्या दिवशी गेले. सुभद्राबाईंनी योगूच्या डोक्यावरून हात फिरवला, "तू ते चांगलंच कराले गया व्हता, भाऊ." त्यापेक्षा त्यांनी चप्पल मारली असती तर तो उभा राहिला असता.

तो पुन्हा मशीनजवळ गेला नाही. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात लागला. मी त्याला समजावायचे. काय काय नाही सांगितलं! की बुवांचं आयुष्यच तेवढं होतं. की ते माझ्या स्वप्नात आले आणि म्हणाले, पोऱ्याला सांग मी सुखी आहे. नव्हते आले. की माझा भाऊ भिकन डॉक्टरांच्या ओळखीचा आहे, तो म्हणाला नुसत्या साखरेनं झालं. भिकननं असं काही म्हटलं नव्हतं. गोड बोलून बोलून त्याच्याभोवती एक घर बांधलं मी, आणि खरी होती ती एकच वीट ठेवली नाही.

मंगळवारी नूतन गेल्यावर ती ठेवायला गेले. तो पाळीवर न्यायचा जेवणाचा डबा भरत होता. मी म्हटलं, "योगू, बस. मी ते दात स्पिरिटनं धुतले नव्हते. पाण्यानं धुतले होते." त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला आधी तो राग वाटला; राग नव्हता. दया होती. "मम्मी, बस आता," तो म्हणाला. "खरं सांगते रे. देवाची शपथ." "पाण्यानं धुतले असते तर चिकट राहिले असते. मी बोट फिरवून पाहिलं होतं." "चार दिवस उन्हात ठेवले मी—" "आधी स्वप्न झालं, मग भिकनमामा झाला, आता हे. तू माझ्यासाठी आपल्या डोक्यावर काय पण घेशील, मला माहिती आहे." मी ओरडले. बरणी दाखवायला गेले. ती केव्हाच फेकून दिली होती. तो जवळ आला, माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "आणि समज धुतले पाण्यानं. तरी ते तोंडात घालायचं नव्हतंच ना? डबा मी वाचला होता. तू नाही." जेवणाचा डबा उचलला आणि गेला. जिन्यात त्याची पावलं नेहमीसारखीच वाजली.

मग मी वर नूतनकडे गेले. म्हटलं, निदान इथे तरी. सगळं सांगितलं, दवाखाना, नळी, पाणी, काही लपवलं नाही. तिनं शब्द न् शब्द खरा मानला. डोळे पुसले, मला पाणी दिलं. आणि मग जरा विचार करून, अगदी प्रेमानं म्हणाली, "म्हणजे मावशी, चूक धुण्यात झाली होती. मशीनचं तसं काही नव्हतं." मी म्हटलं, "नाही गं, नको घालू त्यांच्या तोंडात, डब्यावर लिहिलेलं असतं." ती म्हणाली, "हो हो, आम्ही नीट धुऊन घ्यायला सांगू." आत तिचे सासरे पेज पीत होते, चमच्याचा आवाज येत होता.

झालं. एवढंच आहे. मी रोज देवापुढे बसते, नाम घेते. नामावर माझा राग नाही, नामानं काही केलं नाही. कीर्तनालाही जाते. फक्त आता समोर बसत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. एक मागते. हिलालबुवांची आठवण ठेवा. भेस्तानात लूमवर उभं राहून ज्यांनी एका दारुड्याला टाळ धरायला शिकवलं, त्यांची. आणि त्यांची आठवण काढाल तेव्हा माझ्या पोराचं नाव त्यांच्या शेजारी ठेवू नका. ती जागा माझी आहे.